एक संकल्पना, एक संज्ञा
मुक्त स्रोत संगणकप्रणालींच्या मार्गदर्शिकांतील परिभाषेचा अभ्यास

ज्या कार्यात एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे सहभागी होतात, त्या कार्याचा सारा व्यवहार लिखित शब्दावर चालतो. मुक्त स्रोत संगणकप्रणाली हे अशा कार्याचे आजच्या काळातील ठळक उदाहरण होय. या प्रणालींची मूळ संहिता, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांचा मूळ लेख, कोणासही वाचता येतो, वापरता येतो, सुधारता येतो आणि सुधारलेली प्रत इतरांना देता येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली; १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स ही प्रणाली प्रसिद्ध केली; आणि १९९८ साली ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा प्रचारात आली. लाखो संगणकांचे आणि अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्रत्येक मोबाइलचे काम आज लिनक्सच्या गाभ्यावर चालते. म्हणजेच गावोगावच्या नागरिकांच्या हातांत या सामूहिक श्रमाचे फळ पोहोचलेले आहे.

या कार्यास हजेरीपट नाही, वरिष्ठ-कनिष्ठ असे बसण्याचे टेबल नाही आणि नव्याने आलेल्या माणसाला शेजारच्या सहकाऱ्याकडे वळून विचारण्याची सोयही बहुधा नाही. नवा योगदानकर्ता प्रथम भेटतो तो कागदाला. प्रकल्पाची ओळख, संहिता मिळवण्याची रीत, बदल सुचवण्याची पद्धत, तपासणीचे नियम आणि परवान्याच्या अटी या सर्वांची माहिती देणाऱ्या लेखनास ‘योगदानकर्त्यांची मार्गदर्शिका’ म्हणता येईल. ही मार्गदर्शिका एका हाताने लिहिलेली नसते. दहा-वीस वर्षांच्या काळात शेकडो व्यक्ती तीत भर घालतात. त्यांची मातृभाषा वेगळी, शिक्षण वेगळे आणि शब्दांच्या सवयीही वेगळ्या असतात. त्यामुळे एकाच गोष्टीला तीन नावे पडतात, तर कधी एकाच नावाखाली दोन भिन्न गोष्टी वावरू लागतात. परिभाषेतील एकवाक्यतेचा प्रश्न येथे उद्भवतो.

हा प्रश्न केवळ भाषेच्या टापटिपीचा नाही. शब्द डळमळीत असले की नवखा माणूस चुकतो, त्याचे श्रम वाया जातात आणि पुष्कळदा तो परत येत नाही. प्रकल्पाची खरी हानी ही असते आणि ती कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही.

एका गोष्टीची तीन नावे

या विषयातील एक बोधप्रद उदाहरण ‘गिट’ या प्रणालीचे आहे. संहितेत कोणी, केव्हा व कोणता बदल केला याची नोंद ठेवणारी ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये निर्माण केली. त्याच वर्षीपासून जुनिओ हामानो हे तिची देखभाल करीत आहेत. आज जगातील बहुतेक मुक्त स्रोत प्रकल्प आपल्या संहितेची नोंद गिटमध्ये ठेवतात. त्यामुळे गिटच्या शब्दांचा प्रभाव इतर असंख्य मार्गदर्शिकांवर पडलेला आहे.

गिटमध्ये केलेला बदल थेट कायम नोंदीत जात नाही. कार्यालयातील व्यवहाराची उपमा द्यायची तर, टेबलावर अनेक कागद असतात. त्यांतील आज रवाना करावयाचे कागद कर्मचारी निवडून एका वेगळ्या तबकात ठेवतो आणि मगच त्यांची जावक नोंद होते. गिटमध्येही बदलांची निवड करून ठेवण्यासाठी असे एक मधले स्थान आहे. अडचण अशी की, या एका स्थानाला तीन नावे आहेत. प्रारंभी त्यास ‘कॅश’ म्हणत. पुढे ‘इंडेक्स’ हे नाव रूढ झाले. त्यानंतर शिकवणाऱ्यांनी व पुस्तके लिहिणाऱ्यांनी ‘स्टेजिंग एरिया’ हा शब्दप्रयोग लोकप्रिय केला, कारण पहिली दोन नावे यंत्राची अंतर्रचना सांगतात, तर तिसरे नाव त्या स्थानाचा उपयोग सांगते.

तीनही नावे आजतागायत शिल्लक आहेत. निवडलेले बदल पाहण्याच्या आज्ञेला ‘कॅश्ड’ हे विशेषण जोडता येते आणि ‘स्टेज्ड’ हेही जोडता येते. दोन्हींचा परिणाम एकच. परंतु बदलांचा संच लागू करण्याच्या आज्ञेत ‘कॅश्ड’ आणि ‘इंडेक्स’ ही दोन विशेषणे वेगवेगळे काम करतात. पहिल्याने बदल केवळ त्या मधल्या स्थानात लागू होतो, तर दुसऱ्याने तो मधल्या स्थानात व कामाच्या जागेत, अशा दोन्ही ठिकाणी लागू होतो. ज्याने ‘कॅश’ आणि ‘इंडेक्स’ हे समानार्थी शब्द आहेत असे कोठेतरी वाचले असेल, त्याची येथे फसगत होणे स्वाभाविक आहे.

फाइल काढून टाकण्याची आज्ञाही अशीच आहे. ती साध्या रूपात दिली तर फाइल मधल्या स्थानातून व कामाच्या जागेतून, अशी दोन्हीकडून जाते. ‘कॅश्ड’ हे विशेषण जोडले तर ती फक्त मधल्या स्थानातून जाते आणि कामाच्या जागेत सुरक्षित राहते. ‘कॅश’ म्हणजे इंडेक्स, आणि इंडेक्स म्हणजेच स्टेजिंग एरिया, ही साखळी ज्याला ठाऊक नाही त्याला या एका विशेषणाचे महत्त्व कळण्याचा मार्ग नाही.

गिटच्या कर्त्यांनी या गोंधळाकडे डोळेझाक केली असे मात्र म्हणता येणार नाही. गिटच्या दस्तऐवजांत एक अधिकृत शब्दसूची आहे. तीत ‘कॅश’ या शब्दासमोर, हा ‘इंडेक्स’साठी वापरला जाणारा कालबाह्य शब्द आहे, अशी स्पष्ट नोंद केलेली आहे. जुना शब्द पुसून न टाकता त्यास नव्या शब्दाकडे बोट दाखवणारी पाटी लावणे, ही पद्धत अनुकरणीय होय. कारण जुनी पुस्तके, जुने लेख व जुन्या आज्ञा यांतून तो शब्द वाचकासमोर येतच राहणार.

एका नावाखाली दोन गोष्टी

एका गोष्टीला अनेक नावे असणे त्रासदायक असते. एका नावाखाली दोन गोष्टी असणे धोक्याचे असते. गिटमधील ‘चेकआउट’ ही आज्ञा याचा नमुना आहे. ही एकच आज्ञा दोन कामे करीत असे व आजही करते. तिच्यापुढे शाखेचे नाव दिले तर वापरणारा एका शाखेवरून दुसऱ्या शाखेवर जातो. तिच्यापुढे फाइलचे नाव दिले तर त्या फाइलमध्ये केलेले बदल जाऊन पूर्वीची प्रत परत येते.

दोन्ही कामांची जोखीम सारखी नाही. शाखा बदलताना नोंद न केलेले बदल नष्ट होणार असतील तर गिट थांबते व वापरणाऱ्याला सावध करते. फाइल पूर्ववत करताना मात्र कोणतीही विचारणा होत नाही. कोठेही नोंद न झालेले दिवसभराचे काम क्षणार्धात नाहीसे होते आणि ते गिटमधून परत मिळवता येत नाही. मार्गदर्शिकेत एका पानावर ‘चेकआउट ही निर्धोक आज्ञा आहे’ अशा आशयाचे वाक्य शाखांच्या संदर्भात असेल आणि नवख्याने ते फाइलच्या संदर्भात लागू केले, तर दोष वाचणाऱ्याचा म्हणता येणार नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गिटच्या २.२३ या आवृत्तीत यावर उपाय करण्यात आला. शाखा बदलण्यासाठी ‘स्विच’ आणि फाइल पूर्ववत करण्यासाठी ‘रिस्टोअर’ अशा दोन स्वतंत्र आज्ञा देण्यात आल्या. जुनी आज्ञा रद्द केली नाही, कारण असंख्य लोकांच्या हाताला ती सवयीची झालेली आहे. तथापि ज्या मार्गदर्शिका नवख्यांसाठी लिहिल्या जातात त्यांनी दोन कामांसाठी दोन शब्द वापरावेत, हा मार्ग खुला झाला.

बंधन, शिफारस आणि मुभा

वस्तूंच्या नावांइतकेच महत्त्व आदेशवाचक शब्दांना आहे. ‘योगदानकर्त्याने चाचणी जोडावी’ या वाक्याचा अर्थ काय घ्यावयाचा? चाचणी नसेल तर बदल नाकारला जाईल, की चाचणी असल्यास बरे एवढाच त्याचा आशय आहे? पंचायत समितीच्या कामकाजाशी परिचित असलेल्या वाचकांना हा प्रश्न नवा नाही. अधिनियमाच्या मराठी पाठात ‘करील’ आणि ‘करता येईल’ या दोन क्रियापदांत कर्तव्य आणि अधिकार यांचे अंतर असते. एकाच्या जागी दुसरे घातले तर कायदा बदलतो.

इंटरनेटची तांत्रिक मानके तयार करणाऱ्या मंडळींनी हा प्रश्न मार्च १९९७ मध्ये सोडवला. स्कॉट ब्रॅडनर यांनी लिहिलेल्या २११९ क्रमांकाच्या लेखात ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ इत्यादी शब्दांचे नेमके अर्थ निश्चित करण्यात आले. ‘मस्ट’ म्हणजे निरपवाद बंधन. ‘शुड’ म्हणजे अशी शिफारस, की जी सबळ कारण असल्यास आणि परिणामांचा पूर्ण विचार करूनच बाजूला ठेवता येते. ‘मे’ म्हणजे संपूर्ण ऐच्छिक. तरीही एक शंका उरली होती. हेच शब्द साध्या बोलण्यातील अर्थाने आले तर काय समजावे? मे २०१७ मधील ८१७४ क्रमांकाच्या लेखाने तिचे निरसन केले : हे शब्द संपूर्ण मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतील तेव्हाच त्यांना तो विशेष अर्थ राहील. केवळ अक्षरांच्या आकाराबाबत वीस वर्षांनी स्वतंत्र लेख काढावा लागला, यावरून काटेकोर परिभाषेची गरज किती खोल आहे हे ध्यानी येते. अनेक मुक्त स्रोत प्रकल्प आपल्या दस्तऐवजांत याच व्याख्यांचा आधार घेतात.

देवनागरीत मोठी व लहान अक्षरे नाहीत. म्हणून मराठी मार्गदर्शिकेत हा भेद क्रियापदांनीच दाखवणे भाग आहे. ‘केलेच पाहिजे’, ‘करणे इष्ट’ आणि ‘करता येईल’ अशी तीन रूपे प्रारंभी जाहीर करून ती अखेरपर्यंत पाळली तर हेतू साध्य होतो. ‘करावे’ हे रूप मराठीत आज्ञा, विनंती व इच्छा अशा तीनही अर्थी येत असल्याने ते अशा ठिकाणी टाळलेले बरे.

अनुवादकाच्या मार्गातील अडथळे

मूळ मार्गदर्शिकेतील विसंगतीचा सर्वाधिक भार अनुवादकावर पडतो. मुक्त स्रोत प्रणालींच्या अनुवादासाठी ग्नू गेटटेक्स्ट ही पद्धत फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तीत पडद्यावर येणारी इंग्रजी वाक्ये एका यादीत गोळा केली जातात व प्रत्येक वाक्यासमोर अनुवादक आपल्या भाषेतील वाक्य लिहितो. मूळ वाक्यात एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला तरी ती नोंद ‘संदिग्ध’ ठरते आणि कोणी ती पुन्हा तपासेपर्यंत तिचा अनुवाद सामान्यतः पडद्यावर येत नाही; त्या जागी इंग्रजी वाक्य दिसू लागते. संहिता लिहिणाऱ्याने एखाद्या शब्दाऐवजी सहज म्हणून त्याचा पर्याय वापरला की जगातील अनेक भाषांतील अनुवादकांना पुन्हा कामाला लागावे लागते.

उलट बाजूही आहे. मूळ वाक्य अक्षरशः तेच असेल तर यादीत त्याची एकच नोंद होते. ‘ओपन’ हा शब्द एका ठिकाणी आज्ञा म्हणून आणि दुसऱ्या ठिकाणी अवस्था म्हणून आला, तर मराठीत पहिल्या ठिकाणी ‘उघडा’ व दुसऱ्या ठिकाणी, फाइल हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने, ‘उघडी’ असे हवे. एकाच नोंदीत दोन्ही बसत नाहीत. संहिता लिहिणाऱ्याने त्या शब्दाचा संदर्भ स्वतंत्रपणे नोंदवला तरच अनुवादकाची सुटका होते. तशी सोय गेटटेक्स्टमध्ये आहे. ती वापरण्याची शिस्त मात्र माणसांना लावून घ्यावी लागते.

मराठीत आणखी एक अडचण येते. ‘सेव्ह’ या एका शब्दासाठी कोणी ‘जतन करा’, कोणी ‘साठवा’, तर कोणी ‘सुरक्षित करा’ लिहितो. फाइलला कोणी ‘फाइल’, कोणी ‘धारिका’, कोणी ‘संचिका’ म्हणतो आणि शासकीय कार्यालयातील वाचकाच्या मनात ‘नस्ती’ हा शब्द असतो. यांपैकी कोणताही शब्द स्वतः चुकीचा नाही. परंतु एकाने ‘संचिका’ हा शब्द फाइलसाठी आणि दुसऱ्याने तोच फोल्डरसाठी योजला, तर जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाने मार्गदर्शिका वाचून विद्यार्थ्यांना काय दाखवावे? मराठीतून संगणक शिकणे कठीण आहे, असा ग्रह अशा वेळी होतो आणि त्याचा दोष भाषेच्या माथी मारला जातो. वस्तुतः दोष भाषेचा नसून ठरावाच्या अभावाचा असतो.

या दिशेने एक उल्लेखनीय प्रयत्न २००८ साली सुरू झालेल्या ‘फ्युएल’ या प्रकल्पाने केला. संगणकाच्या पडद्यावर वारंवार येणाऱ्या निवडक शब्दांची यादी करावयाची, त्या त्या भाषेतील अनुवादक, भाषातज्ज्ञ व वापरणारे यांनी एकत्र बसून प्रत्येकास एक प्रतिशब्द ठरवावयाचा आणि मग सर्व प्रणालींत तोच वापरावयाचा, अशी त्याची पद्धत. मराठीसह अनेक भारतीय भाषांत या प्रकल्पाखाली काम झाले.

महाराष्ट्राला ही वाट अपरिचित नाही. शिवकाळात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने राज्यकारभारातील फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्यस्थापनेनंतर १९६० साली भाषा संचालनालय सुरू झाले. १९६२ साली पदनाम कोश आणि १९७३ साली शासन व्यवहार कोश प्रसिद्ध झाला. एका पदाला राज्यभर एकच नाव असावे, हे तत्त्व त्या वेळी प्रशासनासाठी स्वीकारले गेले. मुक्त स्रोत प्रकल्पांची शब्दसूची हे त्याच तत्त्वाचे नवे क्षेत्र आहे.

शब्द बदलण्याची वेळ येते तेव्हा

एकवाक्यता म्हणजे शब्द कधीही न बदलणे नव्हे. काही शब्द अपुरे ठरतात, काही माणसांना दुखावणारे असतात. एक मुख्य व इतर आज्ञाधारक यंत्रे दर्शवण्यासाठी संगणकशास्त्रात ‘धनी’ आणि ‘गुलाम’ या अर्थाचे इंग्रजी शब्द दीर्घकाळ चालत आले होते. जॅंगो या प्रकल्पाने २०१४ साली आपल्या दस्तऐवजांतून ते काढले. जुलै २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या लेखनसंकेतांत, असे शब्द नव्याने वापरू नयेत, असा नियम घालण्यात आला आणि पर्यायी शब्दही सुचवले गेले. त्या नियमाला अपवादही ठेवले आहेत : जुन्या प्रणालींशी असलेला करार मोडत असेल किंवा बाहेरच्या मानकात तोच शब्द बंधनकारक असेल, तर जुना शब्द राहू शकतो.

या निर्णयातून घेण्यासारखा धडा असा की, शब्द बदलताना तीन गोष्टी एकाच वेळी सांगाव्या लागतात : कोणता शब्द सोडला, त्याऐवजी कोणता घेतला आणि जुना कोठे व का शिल्लक राहील. यांपैकी एक जरी सांगायची राहिली तरी काही पाने जुन्या शब्दात, काही नव्या शब्दात अशी स्थिती होते. जुन्या शब्दाने निदान अर्थ तरी कळत होता; अर्धवट बदलाने तोही हरवतो.

कार्यपद्धती

परिभाषा सांभाळण्यासाठी मोठ्या यंत्रणेची आवश्यकता नाही. पुढील क्रम पुरेसा ठरतो.

१. प्रथम प्रकल्पात प्रत्यक्ष वापरात असलेल्या शब्दांची मोजदाद करावी. एकाच संकल्पनेसाठी कोठे कोणता शब्द आला आहे याची यादी समोर आल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

२. प्रत्येक संकल्पनेसाठी एक संज्ञा निवडावी. निवड करताना प्रणालीच्या पडद्यावर व आज्ञांत जो शब्द आधीच आहे त्यास प्राधान्य द्यावे, कारण वाचकाला तोच दिसणार आहे. आज्ञांची नावे मात्र अनुवादित करू नयेत. यंत्र ती जशीच्या तशी ओळखते.

३. शब्दसूचीत संज्ञा, एक-दोन वाक्यांची व्याख्या, वापराचे एक उदाहरण आणि वर्ज्य पर्याय अशा चार बाबी असाव्यात. वर्ज्य पर्यायांची नोंद सर्वांत उपयोगी पडते, कारण शोधणारा बहुधा तोच शब्द घेऊन येतो.

४. शब्दसूची मार्गदर्शिकेसोबतच ठेवावी आणि संहितेप्रमाणेच तीतील प्रत्येक बदल चर्चा व तपासणी होऊनच स्वीकारावा. वेगळ्या जागी ठेवलेली सूची काही काळाने विसरली जाते.

५. शक्य तेथे यंत्राची मदत घ्यावी. ‘व्हेल’सारखी मुक्त स्रोत साधने लेखनातील वर्ज्य शब्द शोधून दाखवतात. परंतु एकच शब्द दोन अर्थांनी आला आहे की काय, हे यंत्राला नेहमी कळत नाही. ते काम जाणत्या वाचकाचेच.

६. प्रकल्पात नव्यानेच आलेल्या व्यक्तीकडून मार्गदर्शिका वाचून घ्यावी. जुन्या मंडळींना तीन नावे एकच वाटतात. नवख्याला ती तीन वस्तू वाटतात. त्याने विचारलेला प्रत्येक ‘म्हणजे काय?’ हा शब्दसूचीतील एका उणिवेचा पुरावा असतो.

अतिरेकाचे भान

ललित लेखनात एकच शब्द पुन्हा पुन्हा येणे हा दोष मानतात. शाळेत निबंध शिकवतानाही शिक्षक पर्यायी शब्द वापरण्यास सांगतात आणि ते योग्यच आहे. तथापि मार्गदर्शिका हा निबंध नव्हे. तीत शब्द बदलला की वस्तू बदलली, असे वाचक धरून चालतो. म्हणून येथे पुनरुक्ती हा दोष नसून वाचकाला दिलेले आश्वासन आहे. हा भेद विद्यार्थ्यांना समजावून देणे हे भाषाशिक्षणाचेही एक अंग होऊ शकेल.

त्याचबरोबर, सूचीत आहे म्हणून न कळणारा शब्द लादणेही इष्ट नाही. शब्द निश्चित असावा आणि तो वापरणाऱ्यांच्या ओठांवर रुळणाराही असावा. ‘सातबारा’ हा शब्द कोणा पंडिताने घडवलेला नाही. गाव नमुना सात व गाव नमुना बारा या दोन नमुन्यांच्या क्रमांकांतून तो आला. परंतु त्याचा अर्थ राज्यभर एकच असल्यामुळे शेतकरी, तलाठी व न्यायालय या सर्वांचा व्यवहार त्यावर निर्वेध चालतो. उत्तम संज्ञेची कसोटी हीच होय.

मुक्त स्रोत प्रकल्पांचे दार सर्वांना उघडे आहे, असे म्हटले जाते. परवान्याच्या दृष्टीने ते खरेही आहे. पण परवाना मिळाल्याने प्रवेश मिळतोच असे नाही. एखाद्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थी किंवा शिक्षक पहिल्यांदा मार्गदर्शिका उघडतो, तेव्हा तिच्यातील शब्द एकमेकांशी प्रामाणिक असतील तरच तो उंबरठा ओलांडू शकतो. संज्ञा निश्चित करणे, त्या लिहून ठेवणे आणि त्यांचे निष्ठेने पालन करणे हे काम संहिता लिहिण्याइतके दर्शनी नसले, तरी सामूहिक कार्याचा पाया त्यानेच भक्कम होतो. मराठीतून हे काम करण्यास भाषेची जाण असलेले शिक्षक व प्रशासनाच्या परिभाषेत मुरलेले अधिकारी पुढे आले, तर त्यांच्या अनुभवाचा लाभ या नव्या क्षेत्राला निश्चितच होईल.